मदत हवी आहे : काळ्या मातीवरच्या गावाचं सांडपाणी, शोषखड्डे की तळी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या बाजूला. वस्ती साधारण २,२००. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. पुढच्या ग्रामसभेत सांडपाण्याचा आराखडा मंजूर व्हायचाय, त्याआधी जाणत्यांचं मत हवंय.

घरोघरी नळ आले. माणशी ५५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के गटारीत, असं धरलं तर रोज सत्त्याण्णव हजार लिटर होतं. हापशावरून घागरी आणायचो तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या केळीलाच संपायचं. आता गटार बारा महिने वाहते आणि खालच्या आळीमागच्या ओढ्याला मिळते. त्याच ओढ्यावर मोटारी लावून मेथी-कोथिंबीर पिकते, आणि ती भाजी आम्हीच बाजारातून घरी आणतो.

आराखड्यात सरसकट शोषखड्डे धरलेत. वरच्या आळीला दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तिथं ते चांगले चालतात. खालची आळी मात्र काळ्या मातीवर आहे. पावसात ती फुगते आणि पाणी खाली सोडतच नाही. चाचणीचा खड्डा भरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच.

त्याहून मोठी काळजी संडासाच्या टाक्यांची. बऱ्याच घरांच्या सेप्टिक टाकीचा पाइप सरळ गटारीत सोडलाय. कागदावर हे नुसतं मोरीचं पाणी, पण त्यात मैला आहे. पोरं रोज ती गटार ओलांडून शाळेत जातात. हे मला बघवत नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत, म्हणजे आम्हाला सहा लाख सोळा हजार. एवढ्यात खालच्या आळीसाठी काय बसेल? वीज लागणारं काही नको, बिल भरायची ऐपत नाही.

प्रतिसाद : ताई, वरच्या आळीला शोषखड्डे ठेवा. दोन्ही आळ्यांना एकच उपाय लावू नका. खाली स्थिरीकरण तळी करा, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून आपोआप साफ होऊ देणारी उथळ तळी. आपल्याकडचं ऊन इथं कामाला येतं. शेवाळ प्राणवायू सोडतं, जिवाणू घाण खातात, जंतांची अंडी तळाशी बसतात. पण त्यासाठी पाणी निदान दहा दिवस तळ्यांत थांबायला हवं. सगळ्या गावाचं लाखभर लिटर धरलं तरी दहा दिवसांचं हजार घनमीटर होतं. सव्वा मीटर खोली ठेवली तर ८०० चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठे. बांध धरून बारा मोजा. एकच मोठं तळं नको, एकापुढे एक तीन करा. नाहीतर पाणी एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं तसंच बाहेर पडतं.

मैला मिसळतोय, तर पहिल्या तळ्याआधी गाळ बसायची टाकी हवीच. ती न करता नुसती कर्दळ लावलेला खडीचा वाफा केला, तर खडी लवकर चोंदते. काळ्या मातीचा इथं उलट फायदा आहे, तळ चांगला धरतो. फक्त तळं कोरडं पडू देऊ नका, भेगा पडल्या की पाणी खाली उतरतं. कडेचं गवत काढत राहा, डास तिथंच होतात. आणि बाहेर पडणारं पाणी कडवळाला, गिन्नी गवताला द्या. कच्च्या खायच्या भाजीला नको.

धागाकर्ती : मनापासून आभार. गाळाची टाकी आमच्या आराखड्यात नव्हतीच, ती घालायला लावते. गायरान आहे, परवानगीचा अर्ज लगेच टाकते. पण ती जागा ओढ्याला लागून आहे आणि मोठ्या पावसात ओढा पात्राबाहेर येतो. बांध किती उंच घ्यावा, की जागाच बदलावी? आणि टाकीतला गाळ कोण, किती दिवसांनी काढतं? ज्यांच्या गावात अशी तळी चालू आहेत त्यांनी कृपया सांगा, मी येऊन बघायला तयार आहे.