मदत हवी आहे: दोन पुऱ्यांचा फुटबॉल अन् जिंकल्यावरची मिरवणूक

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुक्यातलं. सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात पोट्टे फुटबॉल खेळतात, वरचा पुरा विरुद्ध खालचा पुरा (पुरा म्हणजे गावातली वस्ती). मागच्या वर्षी जिंकलेले डफडं वाजवत, गुलाल उधळत मुद्दाम समोरच्यांच्या पारापुढून गेले अन् तिथंच काठ्या निघाल्या. एका पोराचं डोकं फुटलं. चुरस राहू द्या, ती पाहिजेच. मारामारी तेवढी नको.

कोल्हापूरकरांना खास विनंती. तुमच्याकडे पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे तालीम-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात अन् पेठच्या पेठ मागे उभी राहते. जिंकल्यावर मिरवणूक कोणत्या रस्त्यानं न्यायची, हे कोण ठरवतं? समर्थक वेगवेगळे बसवता का? तालमीतल्या वडीलधाऱ्यांचं पोरं ऐकतात का?

कोलकात्यात फुटबॉलचे दोन कट्टर संघ: मोहन बागान हिरवा-मरून, ईस्ट बंगाल लाल-सोनेरी. ईस्ट बंगाल जिंकलं की समर्थकांच्या घरोघरी हिल्सा मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी! हे मला फार आवडलं. आपल्याकडे हरलेल्या पुऱ्यानं रोडगे अन् वांग्याच्या भाजीची पंगत द्यायची, असं ठरवलं तर चालेल? पण याच दोन संघांच्या सामन्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षक जिवानिशी गेले, म्हणून काळजी वाटते.

कोणी गावपातळीवर असे सामने भरवले असतील तर नियम कसे केले ते सविस्तर सांगा. जर्सीचे रंग दिवाळीआधी ठरवायचे आहेत.