एफएफए: डोळ्यांच्या डाय टेस्टनंतर बाळाला अंगावर पाजावं का?

प्रश्न
बहिणीला जुना मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्यावर सूज दिसली म्हणून एफएफए (शिरेतून डाय देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची तपासणी) सांगितली आहे. बाळ चार महिन्यांचं, सहा किलोचं, पूर्ण अंगावर. बाटलीला तोंडच लावत नाही. सेंटरमध्ये कुणी दोन दिवस दूध बंद ठेवा म्हणतं, कुणी आठवडाभर. खरंच बंद करावं लागतं का?

प्रतिसाद १
बंद करायची गरज नाही. शिरेतून साधारण ५०० मिग्रॅ फ्लुरोसीन (हाच तो डाय) जातं, म्हणजे १० टक्क्यांचं ५ मिली. ते दुधात उतरतं हे खरं. एका आईच्या दुधात मोजलं तेव्हा ६ तासांनी लिटरमागे ३७२ मायक्रोग्रॅम आणि ७६ तासांनी १७० मायक्रोग्रॅम मिळालं. बाळ दिवसाला ८०० मिली प्यायलं असं धरलं तरी पोटात जातं जेमतेम ०.३ मिग्रॅ. याच बाळाची स्वतःची एफएफए करायची झाली, तर किलोमागे ७.७ मिग्रॅ या हिशेबाने सुमारे ४६ मिग्रॅ थेट शिरेतून द्यावं लागेल.

आठवड्याचा सल्ला येतो तो काही कंपन्यांच्या माहितीपत्रकातून, तिथे सावधगिरी म्हणून ७ दिवस लिहिलेले असतात. आणि एक-दोन वेळचं दूध पिळून टाकण्यात अर्थ नाही. वरचे आकडे बघा, तीन दिवसांनीही जवळपास निम्मं शिल्लक आहे.

प्रतिसाद २
याला एक अपवाद आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा: काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेलं नवजात बाळ. फ्लुरोसीन प्रकाशाने चेततं. फोटोथेरपी चालू असताना स्वतःलाच हे इंजेक्शन मिळालेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेवर फोड आल्याची नोंद आहे. दुधातून जाणारं प्रमाण त्या मानाने फारच कमी, पण अशा बाळाच्या आईने टेस्ट पुढे ढकलता येते का ते विचारावं, नाहीतर आधी काढून ठेवलेलं दूध द्यावं. चार महिन्यांच्या, धडधाकट बाळाला हे लागू नाही.

प्रतिसाद ३
टेस्टच्या दिवसाचं सांगते. निघण्याआधी बाळाला पोटभर पाजा. ताईंनी हलकं खाऊन जावं, कारण डाय गेल्यावर मिनिटभरात मळमळू शकतं, बहुधा लगेच ओसरतं. सुईजवळ आग झाली तर त्याच क्षणी सांगायचं, डाय शिरेबाहेर गेला की हात फार दुखतो. अंगाला खाज सुटली, घसा आवळल्यासारखा वाटला तरी लगेच सांगावं, वाट बघू नये.

बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर नाकालगतचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं. नंतर काही तास धूसर दिसतं. तेवढ्या वेळात बाळाला कडेवर घेऊन जिना उतरू नये, सोबत कुणीतरी हवंच. त्वचा काही तास पिवळट आणि लघवी दीड दिवसापर्यंत गडद पिवळी दिसते, ती कावीळ नव्हे. रक्ताच्या काही तपासण्यांत हा डाय गोंधळ करतो, म्हणून रक्त आधीच देऊन ठेवा.

ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचं चित्र काढणारा स्कॅन) झाली आहे का तेही विचारा. सूज किती आहे ते त्यात डायशिवाय कळतं. त्याच स्कॅनने रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीलाही डाय लागत नाही, मात्र रक्तवाहिनी कुठे गळते आहे ते एफएफएच दाखवते. सुजेवर पुढे डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर ते औषध पूर्ण वेगळं असतं. त्या वेळी पाजण्याबद्दल पुन्हा विचारायला हवं.