उत्तर: टेमघर गळतंय म्हणजे दुसरं पानशेत?

वर कुणीतरी म्हटलंय की पुण्याजवळचं टेमघर धरण गळतंय म्हणजे पुण्याचं दुसरं पानशेत ठरलेलंच. काळजी रास्त आहे, पण तुलना पटत नाही. पानशेत मातीचं धरण. काम अपुरं असताना पाणी साठवलं गेलं, विमोचकाच्या (पाणी सोडायच्या मार्गाच्या) भागात भराव खचला आणि १२ जुलै १९६१ ला ते फुटलं. मातीच्या भरावाला एकदा वाट मिळाली की पाणी ती स्वतःच रुंद करत जातं. टेमघर दगडी बांधकामाचं आहे. तिथे गळतीमुळे दगडांमधला मसाला हळूहळू धुपतो, म्हणून ग्राउटिंग करून, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने आत भरून, भेगा बुजवतात आणि पाण्याकडच्या बाजूवर थर चढवतात. तेच काम तिथे २०१७ पासून झालं.

मला एकदा एका (दुसऱ्याच) दगडी धरणाच्या गॅलरीत (भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात) उतरायला मिळालं होतं. भिंतींवरून पांढरे ओघळ आलेले, म्हणजे मसाल्यातला चुना. खाली गटारात पाणी, आणि गळती किती ते मोजायला त्यात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच असलेला पत्रा. तिथला कर्मचारी रोज पट्टीवर पाण्याची उंची बघून वहीत लिहायचा. पाणी येतंच, म्हणाला, ते अचानक वाढलं किंवा गढूळ झालं तर मात्र साहेबांना रात्रीसुद्धा उठवायचं.

त्यामुळे 'गळतंय का' यापेक्षा त्या वहीतले आकडे मागा. आणि हो, पानशेतच्या लोंढ्याने त्याच्या खालचं खडकवासला धरणही फुटलं होतं, आणि ते तर दगडीच होतं. म्हणजे एकाखाली एक असलेल्या धरणांच्या साखळीत वरचं फुटलं तर खालच्याचं काय, हा विचार इथे कुणीच केलेला दिसत नाही.