मदत हवी आहे : भावाला गेम डिझाइन शिकायचंय, मुंबईत कुठे शिकावं आणि एवढी फी भरावी का?

बदलापूर_फास्ट :

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी सल्ला हवाय, आणि जरा घाईतच हवाय. त्याची बारावी नुकतीच झाली, कॉमर्स, गणित घेऊन. निकाल यायचाय. बीकॉम आणि जमलं तर सीए, असं घरात ठरल्यासारखं होतं. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं की व्हिडिओ गेम डिझाइनचीच डिग्री करणार.

मागच्या आठवड्यात त्याला घेऊन पश्चिम उपनगरातल्या एका खाजगी संस्थेत जाऊन आले. काचेची लॅब, हे एवढाले मॉनिटर, भिंतभर परदेशी गेम्सची पोस्टरं. तिथल्या कौन्सेलर बाईंच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट' होतं. चार वर्षांची फी पंधरा लाखांच्या पुढे जाते. या शनिवारपर्यंत पन्नास हजार भरून सीट पक्की केली तर काही सवलत आहे म्हणे. डिग्री कुठल्या विद्यापीठाची, असं विचारलं तर 'टाय-अप आहे, मॅम' यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

बाबांचं म्हणणं, हा सरकारनेच बंद पाडलेला धंदा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हाचं पेपरातलं कात्रण त्यांनी जपून ठेवलंय आणि जेवताना ते बाहेर निघतं. आई म्हणते आधी एक सरळ डिग्री घे, मग काय खेळायचं ते खेळ. मी मधे.

आता, तो दिवसभर फक्त गेम खेळतो असं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. त्याने एक गेम बनवलाय. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे डब्याच्या सीटा आखून, कॅरमच्या सोंगट्या प्रवासी म्हणून ठेवून आम्हाला खेळायला लावला. मग तोच गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. संध्याकाळची बदलापूर फास्ट. तुम्ही दादरला चढता, डबा भरलेला. बसलेल्यांना 'कुठे?' विचारायचं. कोणी ठाणा सांगतं, कोणी डोंबिवली, कोणी झोपलेलं असतं. कोणाची सीट आधीच कुणीतरी सांगून ठेवलेली असते. विचारायला वेळ जातो, तेवढ्यात दुसरा कोणीतरी दुसरीकडे विचारून मोकळा होतो. सीट सांगून ठेवली आणि स्टेशन येताना तुम्ही लांब उभे असाल तर गेली. चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकड्याच्या कडेला टेकायची जागा, मिळाली तर अर्धेच गुण. चित्रं अगदीच बाळबोध आहेत, पण माझ्या ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत माझा फोन मागून खेळतात.

तर विचारायचं असं की या विषयाची डिग्री खरंच लागते का? मुंबईत विश्वासाने जावं असं काय आहे? कॉमर्सवाल्याला कुठे घेतात? आणि शनिवारचं काय करू?

फुकटचा_सल्ला :

शनिवारी काही करू नका. सवलतीची तारीख पुढच्या शनिवारी परत येते, अनुभव आहे.

टाय-अप म्हणजे काय ते लेखी मागा. मार्कशीटवर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापून येणार, ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, कोर्स नियमित आहे की डिस्टन्स. यूजीसीच्या साइटवर बोगस विद्यापीठांचीही यादी असते, तीही चाळा. पुष्कळ ठिकाणी संस्थेचं फक्त सर्टिफिकेट असतं आणि डिग्री दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी विद्यापीठाची, पत्राने. त्यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, पण मग पंधरा लाख कशाचे, हे विचारायला हवं.

पिक्सेल_पाटी :

मी एका स्टुडिओत लेव्हल डिझाइनर आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिल्यांदा बाबांच्या कात्रणाबद्दल. २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. रमी, पोकर, पैसे लावून टीम बनवायची अ‍ॅप्स वगैरे. त्यात बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या गेल्या हे खरं. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, आणि तुमचा भाऊ जे करतोय त्याचा या बंदीशी काही संबंध नाही. यूबीसॉफ्ट या मोठ्या परदेशी गेम कंपनीचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईचा २०१८ पासून. 'राजी' नावाचा गेम पुण्यातल्या एका लहानशा टीमने केला आणि २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर आणला. बाबांना हे कात्रण द्या.

पण दुसरी बाजूही ऐका. भारतातलं बरंच काम बाहेरच्या स्टुडिओंसाठी आर्ट आणि टेस्टिंग करून देण्याचं आहे. 'गेम डिझाइनर' या नावाची फ्रेशरसाठीची जागा फार कमी निघते. बरेच जण आधी क्यूएमध्ये (टेस्टिंगला) लागतात, म्हणजे तोच दरवाजा दोनशे वेळा उघडून कधी अडकतो ते लिहून द्यायचं, आणि तिथून पुढे सरकतात. हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंटवाल्या बाईंना विचारा की प्लेसमेंट कुठल्या पदावर झाली.

डिझाइनरचं काम म्हणजे चित्रं नव्हे आणि कोडिंगही नव्हे, जरी दोन्हीतलं थोडंथोडं यावं लागतं. नियम ठरवायचे, आकडे एक्सेलमध्ये मांडून संतुलन बघायचं, लेव्हल नुसत्या राखाडी ठोकळ्यांनी उभी करून चालून बघायची, लोकांना खेळायला देऊन गप्प बसून बघायचं, आणि जे आवडतं होतं ते काढून टाकायचं. शेवटचं सगळ्यात अवघड.

भावाच्या गेममध्ये मला काय आवडलं सांगतो. विचारण्याला किंमत आहे. माहिती फुकट मिळाली असती तर तो नुसता पाठांतराचा खेळ झाला असता. झोपलेल्याला उठवावं की नाही, हा खरा निर्णय आहे, आणि त्याने तो चित्रं न सुधारता, नियमांतून आणलाय. आता त्याला दोन गोष्टी विचारा. दर वेळी प्रवासी बदलतात का? नसतील बदलत तर तिसऱ्या खेपेला गंमत संपते. आणि जो लोकलने जातच नाही त्याला चौथी सीट म्हणजे काय ते न सांगता कळतं का? एखाद्या नागपूरच्या भावंडाला खेळायला द्या, कोणी काही बोलायचं नाही, तो कुठे अडतो ते फक्त लिहून घ्यायचं. मग गेम इच डॉट आयओ या साइटवर टाका, फुकट टाकता येतो, आणि त्याखाली काय बदललं आणि का बदललं ते लिहा. मुलाखतीला असा अर्धा पान मजकूर असला की आम्ही मार्कशीट नंतर बघतो.

डिग्रीबद्दल माझं मत: तीन-चार वर्षं एकाच वयाचे प्रोग्रॅमर, आर्टिस्ट आणि डिझाइनर मिळून गेम पुरे करणार असतील तर कोर्सला अर्थ आहे. एकट्याने सॉफ्टवेअर शिकायला यूट्यूब पुरतं. तेव्हा त्या संस्थेत परत गेलात तर पोस्टरं सोडा, मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले गेम खेळायला मागा. दाखवता आले नाहीत तर उत्तर मिळालं.

गणित_मास्तर :

क्लासमध्ये ही मुलं दरवर्षी येतात म्हणून प्रवेशाचं सांगतो.

नुसत्या गेम डिझाइनची सरकारी डिग्री बारावीनंतर हवी असेल तर पर्याय फार नाहीत. एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) डिजिटल गेम डिझाइनचा कोर्स एमडेसचा, म्हणजे पदव्युत्तर आहे, बेंगळुरू कॅम्पसला. म्हणजे आधी पदवी, मग एनआयडीची डॅट परीक्षा.

मुंबईत आयआयटीचं आयडीसी हे डिझाइन स्कूल आहे, पवईला. १९६९ सालचं. तिथे बीडेस (डिझाइनची पदवी) २०१५ पासून आहे आणि प्रवेश यूसीड परीक्षेतून. शाखेची अट नाही, कॉमर्सवाला चालतो. अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, परीक्षा जानेवारीत. या वर्षीची गेली, पण ज्या वर्षी बारावी झाली त्याच्या पुढच्या वर्षीही बसता येतं, त्यामुळे त्याला एक संधी आहे. पेपरात कॉम्प्युटरवरच्या भागाबरोबर चित्र काढायचा भागही असतो. तिथे नाव 'गेम' असं नसतं, डिझाइन असतं, पण पाया तोच.

आयआयसीटी हे नाव ऐकलं असेल. अ‍ॅनिमेशन, गेमिंग, व्हीएफएक्ससाठी केंद्राने मुंबईत काढलेली संस्था. जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) आवारात सुरू झाली, कायमचा कॅम्पस गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हायचाय. संस्था नवी आहे, तेव्हा कुठला कोर्स किती मुदतीचा आणि शेवटी हातात काय मिळतं ते त्यांच्याच साइटवर वाचा.

आणि आईंचं म्हणणं मोडीत काढू नका. गणित आहे तर बीएससी आयटीचा दरवाजा उघडा आहे, फी परवडते, प्रोग्रॅमिंग पक्कं होतं. बीसीए हवं असेल तर त्याला २०२४ पासून सीईटी लागते, तारीख चुकवू नका. आयटीला प्रवेश घेऊन जानेवारीत यूसीड द्यायची, लागली तर सोडायचं, नाही लागली तर तीन वर्षांनी एनआयडीचा एमडेस आहेच. वर्ष वाया जात नाही.

कोपऱ्यातली_खिडकी :

परदेशाचा विचार आहे का? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अ‍ॅबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये कॉम्प्युटर गेम्सची पदवी सुरू केली, जगात पहिली म्हणतात. जर्मनीत कोलोनला सरकारी विद्यापीठात इंग्रजीतून डिजिटल गेम्सची पदवी आहे. फी कमी, राहण्याचा खर्च मात्र आहेच.

बाकी आपल्याकडे गेम डिझाइन नवीन नाही. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरा सांगते. साप कुठे आणि शिडी कुठे ठेवायची, यालाच हल्ली बॅलन्सिंग म्हणत असावेत. ( @पिक्सेल_पाटी, चुकत असेन तर सांगा. )

पिक्सेल_पाटी :

चुकत नाहीये. फक्त सापशिडीत खेळणाऱ्याच्या हातात काही नसतं, सगळं फाशांवर. म्हणून मोठ्यांना लवकर कंटाळा येतो.

बदलापूर_फास्ट :

सगळ्यांचे खूप आभार. परदेश सध्या नाही, बाबांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत.

संस्थेला ईमेल केला. विद्यापीठाचं नाव, कोर्स नियमित की डिस्टन्स, फी परतीचे नियम आणि मागच्या बॅचचे गेम, चारही गोष्टी मागितल्या. तासाभरात फोन आला की मॅम, प्रत्यक्ष येऊन बोला. लेखीच हवंय म्हणून सांगितलं. शनिवारी पैसे भरत नाही.

भावाशी बोलले. प्रवासी दर वेळी बदलतात, पण उत्तरं ठरावीक आहेत म्हणाला, ती बदलायला बसलाय. बीएससी आयटीला तोंड वाकडं केलं, यूसीडचं मात्र ऐकून घेतलं. त्याची शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालीय, त्याचा यूसीडला उपयोग होतो का? आणि त्याला चांगला लॅपटॉप हवाय, लाखभर रुपयांचा. लागतो का खरंच?

गणित_मास्तर :

त्या ग्रेडचे गुण यूसीडला धरत नाहीत. पण हात चालता आहे हे महत्त्वाचं. आतापासून रोज डोळ्यांसमोरचं काहीतरी काढू द्या, प्लॅटफॉर्म, भाजीवाली, बसमधले हात. परस्पेक्टिव्ह आणि माणसं दोन्ही येतात.

पिक्सेल_पाटी :

लॅपटॉप आत्ता नको. गोडो जुन्या मशीनवरही चालतो, फुकट आणि ओपन सोर्स आहे, टूडी गेमला पुरून उरतो. अनरियल या जड गेम इंजिनवर काम करायची वेळ आली की ३२ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागेल, तेव्हा घ्या. तोपर्यंत एखाद्या गेम जॅमला बसवा, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमाला. ग्लोबल गेम जॅम दर जानेवारीत असतो, ऑनलाइन जॅम वर्षभर चालू असतात. तिथे त्याला एखादा आर्टिस्ट जोडीदार मिळाला तर बघा, चित्रांचा प्रश्न तिकडे सुटेल. गेम अपलोड झाला की लिंक इथेच टाका.