पानगळीच्या सुटीत जमवलेले जुने मणी पुन्हा कशात ओवावेत?

पोवळेवाली:
नमस्कार. सुटीत घरच्यांबरोबर फिरताना जुन्या वस्तूंच्या बाजारांतून बरेच मणी जमलेत. त्यांतून ४५ सेंमीच्या दोन माळा करायच्या आहेत, रंग पानगळीचेच: मधाळ पिवळा, विटकरी, काळा, पितळी. हाताशी आहे ते असं:

१) मधाळ पिवळ्या मण्यांचा उतरता सर. दोरा पार कुजलाय. विकणारा म्हणाला अंबर आहे (झाडाची जीवाश्म राळ), मला प्लॅस्टिक वाटतंय.
२) मोत्यांचा सर, काही मोत्यांची भोकाजवळची साल निघालेली.
३) पैलूदार काचमणी, काळे आणि विटकरी, सुटे. भोकांच्या कडा बोटाला टोचतात.
४) जाळीकामाचा पितळी फासा (माळ बंद करायची कडी), हिरवा पडलेला.

सगळं एकदम साबणाच्या पाण्यात टाकलं तर चालेल का? कशासाठी कुठला दोरा? आणि पुढच्या सहलींना बरोबर नेता येईल असं मण्यांचं काम सुचवा. सोबत चार वर्षांचं मूल असतं.

भिंगवाला:
एकदम पाण्यात अजिबात नको. चारही गोष्टींचं पाण्याशी नातं वेगवेगळं आहे.

पिवळ्या सरापासून सुरुवात करा. दोरा कापण्याआधी सर सरळ ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावा आणि फोटो काढा. उतरत्या सरात शेजारशेजारच्या मण्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. एकदा मिसळले की व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) घेऊन बसावं लागतं.

मग एक मणी सोडवून त्याच्या भोकातला जुना दोरा पूर्ण काढा. २०० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात तो टाका. अंबर तरंगतं, बेकेलाइट (जुन्या काळचं कडक प्लॅस्टिक) बुडतं. कोपल नावाची कोवळी राळ आणि पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिकही तरंगतात, त्यामुळे तरंगला म्हणून लगेच खूश होऊ नका. भोकाजवळ ॲसिटोनचा एक थेंब ठेवून पाहा. कोपल चिकट होतं, पॉलिस्टायरीन तर विरघळतंच. मिठाच्या पाण्यातून काढलेला मणी साध्या पाण्याने धुवायला विसरू नका.

बुडाला तर सिमिक्रोम हे धातूचं पॉलिश कापसाच्या काडीवर घेऊन मण्यावर घासा. मणी कुठल्याही रंगाचा असो, बेकेलाइट असेल तर कापूस पिवळा होतो. मात्र नुकताच पॉलिश केलेला मणी आणि बरेचसे काळे बेकेलाइट या परीक्षेत नापास होतात.

तापलेली सुई टोचून बघा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मणी सेल्युलॉइडचा (आणखी एक जुनं प्लॅस्टिक) निघाला तर भडकन पेट घेतो, आणि खरं अंबर निघालं तर कायमचा डाग पडतो. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, तेवढं पुरतं: कापराचा वास म्हणजे सेल्युलॉइड, कार्बोलिकसारखा उग्र वास म्हणजे बेकेलाइट.

मोत्यांची साल निघतेय म्हणजे बहुधा ते काचेवर किंवा प्लॅस्टिकवर मुलामा दिलेले नकली मोती. भोकातून पाणी आत गेलं की उरलेली सालही सुटते. मऊ कापड जेमतेम ओलं करून पुसा, बस. गेलेली साल परत आणता येत नाही. त्या मोत्यांच्या दोन्ही बाजूंना वाटीसारख्या पितळी टोप्या घाला, झाकलं जाईल.

काचमणी तेवढे खुशाल धुवा. आधी एकेक उजेडासमोर धरून तडा पाहा. काळे मणी हाताला गार आणि जड लागले तर काचच. हलके आणि कोमट लागले तर ते जेट (दगडी कोळशासारखं जीवाश्म लाकूड) किंवा व्हल्कनाइट (कडक केलेलं रबर) असू शकतात, ते बाजूला ठेवा.

फाशाला आधी चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तो पॉलिशने घासला की उतरतो. हिरवं लाकडी टूथपिकने खरवडा, मग स्पिरिटच्या काडीने पुसा. नुसत्या पितळेला व्हिनेगर चालतं, पण फाशात चमकखडे बसवलेले असतील तर कुठलाही द्रव लावू नका. खड्यामागचा आरशासारखा थर गेला की खडा काळा दिसतो. मागे ८००, ८३५ किंवा ९२५ असा ठसा असेल तर ती चांदी, हजारात तेवढे भाग.

पटवेकर:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पुढचं ओवण्याचं सांगतो. दोरा ठरतो भोकावरून, मण्याच्या दिमाखावरून नाही.

मोती गाठवायचे (दर मोत्यानंतर गाठ मारायची) असतील तर रेशीमच. ४ नंबरचं रेशीम ०.६० मिमी जाड असतं, २ नंबरचं ०.४५. सुई जोडलेलं २ मीटरचं कार्ड मिळतं, ४५ सेंमीच्या माळेला ते पुरतं. भोकात दोरा घट्ट बसला पाहिजे आणि गाठ भोकापेक्षा मोठी झाली पाहिजे. नाहीतर गाठ आत शिरते आणि मोती सरकत राहतात. दोन्ही टोकांच्या तीन-तीन मोत्यांतून मात्र दोरा दोनदा जातो, तेवढ्यांची भोकं रीमरने (भोक रुंद करायची बारीक कानस) आधी मोठी करून घ्या. सालीच्या मोत्यांत रीमर अगदी हलक्या हाताने.

रेशीम ओवण्याआधी रात्रभर वजन लावून टांगून ठेवा. हे टाळलं की महिन्याभरात गाठींमधून दोरा दिसायला लागतो. सुरुवात अशी: तीन मोती, मग ८ मिमी फ्रेंच वायर (बारीक तारेची पोकळ गुंडाळी, रेशीम तिच्या आतून जातं), मग फासा. सुई पहिल्या मोत्यातून परत आणा, फ्रेंच वायरचा फास तयार होईल. गाठ. दुसऱ्यातून, गाठ. तिसऱ्यातून, गाठ. पुढे दर मोत्यानंतर गाठ, आणि ती चिमट्याने मोत्याला अगदी भिडवून ओढायची. फ्रेंच वायर नसेल तर धातूच्या कडीवर रेशीम घासून सगळ्यात आधी तिथेच तुटतं. शेवटच्या गाठीला सुपरग्लू लावू नका. रेशीम काडीसारखं कडक होतं आणि कडक भागाच्या काठावर मोडतं.

मणी मोजताना गाठी धरा. फासा सोडून ४२.५ सेंमी उरतात. ८ मिमीचे मणी गाठीशिवाय ५३ लागतील, दर गाठ १ मिमी धरली तर ४७.

टोचणाऱ्या काचमण्यांना रेशीम नाही, नायलॉनही नाही. कडा करवतीसारखी चालते. ४९ तारांची, ०.४८ मिमी जाडीची बीडिंग वायर (मणी ओवायची लवचिक तार) आणि २ मिमीच्या क्रिंप नळ्या (दाबून टोक पक्कं करायच्या धातूच्या नळ्या) घ्या. वायरचं टोक क्रिंपमधून परत आणल्यावर दोन्ही तारा आत समांतर आहेत ना ते बघा, एकमेकींवर चढल्या तर दाबताना एक कापली जाते. क्रिंप पकडीच्या आतल्या खाचेत आधी दाबा, मग बाहेरच्या खाचेत दुमडा. दुसरं टोक बंद करण्याआधी माळ गोल करून ठेवा आणि २-३ मिमी ढील सोडा. ताणून बंद केलेली माळ गळ्यात काटकोनात मोडते आणि क्रिंपपाशी तुटते.

काचमणी:
बीडिंग वायरने काळे पैलूदार मणी फार ताठ पडतात, मला ते आवडत नाही. रीमरने आधी कडा मारा आणि ८ पौंडी फायरलाइन (मजबूत विणलेला दोरा) दुपदरी घ्या. प्रत्येक पैलूदार मण्याच्या दोन्ही बाजूंना ११/० मापाचा बारीक मणी (आकडा मोठा तितका मणी लहान) घातला की दोरा कडेवर वाकतच नाही. रीमर हातानेच आणि मणी पाण्यात बुडवून चालवा: कोरड्यात काच तापून टवका उडतो, शिवाय काचेची धूळ नाकात जाते.

पटवेकर:
कडा खरंच मारल्या असतील तर फायरलाइन चालेल. तपासायला शिवणाचा सुती दोरा भोकातून घालून दहा-बारा वेळा मागेपुढे ओढा. तंतू सुटले तर रीमर परत.

पोवळेवाली:
पिवळा मणी बुडाला आणि काडी पिवळी झाली! म्हणजे बेकेलाइट. त्याला काय वापरू? भोकं चांगली मोठी आहेत, दीड मिमी तरी असतील.

भिंगवाला:
मग मण्यांमध्ये ११/० घालू नका, ते भोकात रुतू शकतात. ८/० घाला, ते साधारण ३ मिमीचे असतात. दोरा ८ नंबरचं रेशीम, ०.८० मिमी. एवढ्या भोकाला साधी गाठ अपुरी पडेल, ८/० चा मणीच गाठीचं काम करेल. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच कोरडं. भिजत ठेवलं तर तकाकी जाते.

क्रोशासुई:
सहलीचं कोणीच सांगितलं नाही, म्हणून. चालत्या गाडीत बारीक सुई आणि सुटे मणी नकोच. मण्यांची क्रोशा-दोरी करा. मणी घरीच रंगाच्या क्रमाने दोऱ्याच्या रिळावर ओवून न्यायचे, बाहेर फक्त क्रोशाची सुई. सांडायला काही उरत नाही. क्रम मात्र ओवतानाच दोनदा तपासा. जादा मणी चिमट्याने फोडून काढता येतो (काच उडते, चष्मा लावा), पण राहून गेलेला मणी मध्ये घालता येत नाही, तिथवर सगळं उतरवून परत ओवावं लागतं.

कुठे बाकावर बसायला मिळालं तर डेलिका मण्यांची (एकसारखे नळीसारखे बारीक मणी) पेयोट पट्टी, म्हणजे सुईने विटांसारखी विणलेली पट्टी. ११/० डेलिका १ ग्रॅममध्ये साधारण २०० येतात. १० मण्यांची रुंदी म्हणजे १३ मिमी, मनगटाची १६ सेंमी लांबी धरली तर साधारण हजार मणी, म्हणजे ५ ग्रॅम. सुई १० नंबरची, दोरा एका वेळी दीड मीटरपेक्षा जास्त नको, गुंततो. घट्ट झाकणाच्या डब्याच्या तळाला मखमली कापड चिकटवा, मणी उड्या मारत नाहीत.

मुलाला ओवायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळा डबा: मोठे लाकडी मणी आणि टोक कडक केलेली नाडी. तोही तुमच्या नजरेसमोरच. बाजारातले जुने रंगवलेले मणी त्याच्या हातात देऊ नका, जुन्या रंगात आणि मुलाम्यात शिसं असू शकतं.

भिंगवाला:
पुढच्या बाजारासाठी खिशात १० पट भिंग, छोटं चुंबक आणि ३९५ नॅनोमीटरचा (अतिनील) टॉर्च ठेवा. युरेनियम काच (युरेनियम मिसळलेली जुनी काच) त्या उजेडात हिरवी चमकते. आणि भिंगातून आधी भोकं पाहा, मण्यांचा रंग नंतर. खूप वापरलेल्या जुन्या सरात मणी एकमेकांवर घासून भोकाभोवती गुळगुळीत खळगा पडलेला असतो. भोकं करकरीत आणि दोरा मात्र मुद्दाम मळवलेला दिसला तर सर खाली ठेवा.