सल्ला हवा: साध्या फाउंटन पेनांच्या निबा बदलायच्या आहेत

टीपकागद

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रोजच्या वापरातली तीन फाउंटन पेनं आहेत. तिन्ही स्वस्तातली, पण हातात इतकी छान बसतात की नवं पेन घेण्याऐवजी निबाच बदलून बघाव्यात असं बरेच दिवस मनात आहे.

एक लॅमी सफारी, मीडियम (म्हणजे मध्यम जाडीची निब). दुसरं पायलट मेट्रोपॉलिटन, तेही मीडियम. तिसरं जाडजूड, वजनदार पेन आहे. त्याच्या निबेवर कंपनीचं नाव नाही, ‘६ नंबरची निब’ एवढंच मला सांगितलं गेलं. पहिल्या दोघांबद्दल तक्रार नाही, फक्त रेघ जाड पडते. तिसरं मात्र खरखरतं. ‘क’ किंवा ‘फ’ची उजवी बाजू वळवताना कागदाचे तंतू निबेत अडकतात. शिवाय दोन मिनिटं थांबून पुन्हा लिहायला घेतलं की पहिलं अक्षर कोरंच उमटतं.

मला एक पेन बारीक हवंय, पुस्तकाच्या समासात टिपणं करायला. आत्ताच्या निबेने तिथे ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. आणि एक पेन पत्रांसाठी हवंय, ज्याची रेघ थोडी जाड-बारीक होईल. दौतीत बुडवून लिहायची जी-निब फाउंटन पेनात बसवतात असंही पाहिलं. ते करावं का? निब आजवर कधी काढलेली नाही, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

निळी दौत

सुरुवात सफारीपासून करा, कारण निब बदलायला त्याच्याइतकं सोपं पेन नाही. तिथे जीभ (निबेखालचं काळं प्लॅस्टिक, ज्याला फीड म्हणतात) जागची हलवावीच लागत नाही. निब कोरडी पुसून घ्या, तिच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा नीट दाबून बसवा आणि सरळ पुढे ओढा. निब घसरत बाहेर येते. नवी निब जिभेच्या दोन्ही कडांवरून तशीच मागे सरकवायची. एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड, शिवाय १.१, १.५ आणि १.९ मिमीच्या पसरट निबाही मिळतात. लॅमीच्याच आल-स्टार आणि व्हिस्टा या पेनांच्या निबाही याच. फक्त लॅमी २००० ची निब वेगळी असते, ती यात बसणार नाही.

मेट्रोपॉलिटनमध्ये निब आणि जीभ दोन्ही एकत्र, सरळ ओढून काढायच्या. त्यात पायलटच्याच काकुनोची निब बसते, आणि काकुनो एक्स्ट्रा फाइनमध्ये मिळतं. जपानी एक्स्ट्रा फाइन युरोपियनपेक्षा चांगलीच बारीक असते, तुमच्या समासासाठी तीच घ्या. काकुनोच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो, तो मेट्रोपॉलिटनमध्ये गेल्यावरही तुमच्याकडे बघून हसत राहील. मला ते फार आवडतं.

पायलटमध्ये ५ किंवा ६ नंबरची दुसऱ्या कंपनीची निब बसवायचा प्रयत्न नको. घडणच वेगळी आहे.

बोरू

तिसऱ्या पेनाबद्दल लिहितो. टीपकागद, त्याच्यासाठी इतक्यात नवी निब मागवू नका. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं पुष्कळदा आहे त्याच निबेवर दुरुस्त होतात. ती न तपासता निब बदलली तर तोच त्रास नव्या निबेतही येऊ शकतो, कारण निब एकटी लिहीत नाही, तिच्याखालची जीभही लिहीत असते. १८८४ साली लुईस वॉटरमन यांनी फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं, त्यातली खरी करामत या जिभेचीच होती: शाई खाली यायला बारीक खाचा आणि तिच्या जागी आत हवा जायला वाट. निब जिभेला चिकटून बसली तर शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. मध्ये केसभर फट राहिली तर शाईची धार तिथेच तुटते आणि पहिलं अक्षर कोरं जातं.

आधी पेन धुवा. साध्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घ्यायची छोटी नळी) ते पाणी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, मग नुसत्या पाण्याने धुवा. नव्या निबेवर आणि जिभेवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, त्यावर शाई धरत नाही. गरम पाणी अजिबात नको, प्लॅस्टिकची जीभ वाकडी होते.

मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. निबेचं टोक स्वतःच्या डोळ्याकडे करून समोरून बघा. मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत दिसली पाहिजेत. एक पातं केसभर वर असेल तर तीच तुमची खरखर. एकाच दिशेला वळताना अडकतं म्हणालात, त्यावरून मला हाच संशय आहे. वर आलेलं पातं अंगठ्याच्या नखाने हळूच खाली दाबायचं, दोन-तीन सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. एका दाबात काम उरकायची घाई करू नका.

यानंतर निब उजेडासमोर धरा. चिरेतून उजेडाची रेघ दिसावी आणि ती टोकाकडे निमुळती होत जावी. टोकाजवळ पाती एकमेकांवर घट्ट दाबलेली असतील तर ०.०५ मिमी जाडीची पितळी पट्टी चिरेतून अलगद फिरवा. दाढीचं ब्लेड कृपया घालू नका. पूर्वी सगळे तेच करत, मीही केलं आहे. ब्लेडची धार चिरेच्या आतल्या कडा खरवडते आणि मग निब कायमची कुरकुरते.

हे सगळं करूनही खरखर राहिली तरच घासायचा विचार करा. १२००० नंबरच्या मायक्रोमेशवर (अतिशय बारीक घासकापड) शाई भरलेल्या पेनाने इंग्रजी आठाचे आकडे काढायचे, दहा-बारा, की थांबून कागदावर लिहून बघायचं. टोकावरचा कठीण धातूचा मणी फार छोटा असतो, घासून गेला की परत येत नाही.

समास

जी-निबेबद्दल मी सांगते, कारण मी ती वर्षभर वापरली. अक्षरं देखणी येतात, दाब दिला की रेघ फुगते, सोडला की केसासारखी होते. पण हिच्या टोकावर मणी नसतो, नुसतं धारदार पोलाद असतं, आणि सतत शाईत राहिल्याने ते गंजतं. माझी निब दोन आठवड्यांत चिरेपाशी तपकिरी पडली. शाई निबेपर्यंत पुरत नाही तो भाग वेगळाच. लांब रेघ जोरात ओढली की मधली शाई संपते आणि आगगाडीच्या रुळांसारख्या दोन रेघा उमटतात. सणासुदीची चार पाकिटं लिहायला उत्तम, रोजच्या पत्रांना नाही.

पत्रांसाठी सफारीत १.१ ची पसरट निब घाला. आपल्या लिपीत ती कशी धरता यावर सगळं आहे. निबेची कड ओळीला समांतर ठेवलीत तर शिरोरेघ बारीक आणि काना जाड येतो. कड पंचेचाळीस अंशांत तिरकी धरलीत तर शिरोरेघ आणि काना सारख्याच जाडीचे होतात आणि ‘व’, ‘क’, ‘ळ’ यांच्या गोलाईत जाड-बारीक उमटतं. मला दुसरी पद्धत जास्त शोभिवंत वाटते. मात्र अक्षर मोठं काढावं लागेल, आठ मिलिमीटरच्या ओळीत ‘थ’ची गाठ बुजते. एक ओळ सोडून लिहा.

टीपकागद

सगळ्यांचे मनापासून आभार. सफारीत १.१ बसली, चिकटपट्टीची युक्ती पहिल्याच खेपेला जमली. काकुनोची एक्स्ट्रा फाइनही मेट्रोपॉलिटनमध्ये गेली. काल समासात ‘दुर्घटना’ लिहिलं, रफार आणि ‘घ’ दोन्ही सुटे दिसले. केवढा आनंद झाला!

तिसरं पेन बोरूकाकांनी सांगितल्याप्रमाणे धुतलं. पाण्यात हलकी निळसर साय तरंगली, म्हणजे तेल होतंच. पहिलं अक्षर आता कोरं जात नाही. भिंगातून बघितलं तर उजवं पातं खरंच वर होतं. नखाने सहा-सात वेळा दाबलं. खरखर बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. मणीच एका बाजूला तुटल्यासारखा दिसतोय. या पेनाला आता नवी निब द्यावीच म्हणते. कुठली देऊ?

बोरू

मणी तुटला असेल तर घासत बसू नका, बदलाच. छान काम केलंत.

६ नंबर म्हटलं तरी मोजून खात्री करा. निब आणि जीभ चिमटीत रबराचा तुकडा धरून एकत्र बाहेर ओढा. त्याआधी पेनाची मान (निबेमागचा, बोटांनी धरायचा भाग) अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पिळू नका, कित्येक पेनांत आत खाच असते आणि जीभ एकाच दिशेने बसते. बाहेर आल्यावर जिभेचा व्यास मोजा. ६ नंबरचा सहा-साडेसहा मिमी भरतो, ५ नंबरचा पाचच्या आसपास. जुन्या निबेची टोकापासून शेपटीपर्यंत लांबीही मोजून ठेवा, ६ नंबरची साधारण ३५ मिमी असते.

घ्यायची तर योवो किंवा बॉक या जर्मन कंपन्यांची पोलादी ६ नंबर, फाइन. नुसती निब घ्या. याच कंपन्यांचं निब, जीभ आणि आट्यांची (स्क्रूसारखी फिरवून बसवायची) कॉलर असं तिघांचं एकत्र युनिटही मिळतं. ते तुमच्या पेनाच्या मानेत फिरणार नाही. या दोन कंपन्यांचे आटेसुद्धा एकमेकांना जुळत नाहीत.

निब जिभेवर ठेवल्यावर बाजूने बघा, दोघींमधून उजेड दिसता कामा नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या निबांची कमान थोडी कमी-जास्त गोल असते, घोटाळा तिथेच होतो. तुमची जीभ एबोनाइटची (कडक रबराची) असेल तर निब बसवून पेनाचं टोक उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरायचं आणि बाहेर काढून जीभ निबेवर बोटाने दाबून थंड होऊ द्यायची. ती निबेचा आकार घेते. प्लॅस्टिकची असेल तर हे करू नका, निब थोडी मागे-पुढे सरकवून जागा शोधा.

निळी दौत

एक राहिलं. टोपण लावण्याआधी त्याची आतली खोली बघा. मी एकदा नवी निब बसवून, चार ओळी लिहून, खुशीत टोपण फिरवलं आणि आत ‘टक’ असं ऐकू आलं. निब आधीच्यापेक्षा दीड मिलिमीटर पुढे होती, टोक हुकासारखं वळलं. ती निब गेली ती गेलीच. कान साफ करायची काडी टोपणात तळापर्यंत घाला, कडेशी खूण करा आणि ती लांबी निबेशेजारी धरून ताडून बघा.

टीपकागद

जीभ ६.३ मिमी भरली, प्लॅस्टिकची आहे. योवोची फाइन आणली. पहिल्यांदा बसवली तेव्हा निब आणि जिभेच्या मध्ये टोकाकडे उजेडाची फट दिसत होती. शाई भरून बघितलं, तीन शब्दांत पेन कोरडं. पुन्हा काढली, जीभ साधारण एक मिलिमीटर पुढे घेऊन बसवली. फट गेली. आता दोन पानं सलग लिहून झाली, कुठेही अडखळलं नाही.

निळी दौत, तुमची काडीची युक्ती करून बघितली. टोपणाच्या तळापर्यंत दोन मिलिमीटर जागा उरते, म्हणजे चालेल ना? जुनी निब पाण्यातून काढून पुसून ठेवली आहे. तिच्यावर पितळी पट्टी आणि मायक्रोमेशचा सराव करावा असा विचार आहे.

निळी दौत

दोन मिलिमीटर भरपूर झाले. बिनधास्त टोपण लावा.

बोरू

सराव जरूर करा. तुटलेल्या निबेवर हात बसला की पुढच्या पेनाला भीती वाटत नाही. आणि नवी निब पहिले आठ-दहा दिवस एकाच शाईवर चालवा. मध्येच शाई बदलली तर रेघेतला फरक निबेचा की शाईचा, ते कळायचं नाही.