कुंडलिकेत पाणी सोडण्याच्या वेळा सगळ्यांना का कळू नयेत?

पाणवाट
परवाच्या कयाकिंगच्या (एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीच्या) धाग्यावर एका सदस्याने लिहिलं, 'कोलाडला कयाक चालवणं म्हणजे नळ सोडून टबात बसणं. पाणी ठरल्या वेळी येतं, धोका कसला? नदी बघायची तर हिमालयात जा.' डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

धरणाखालची नदीच जास्त दगा देते. डोंगरातल्या नदीला पूर येणार असेल तर आभाळ भरतं, वारा बदलतो. कोलाडच्या कुंडलिका नदीत वरच्या वीजकेंद्रांतून पाणी सुटतं, त्यामुळे मे महिन्याच्या लख्ख उन्हातही ते वाढतं. आधी वाळकी पानं, काटक्या आणि फेसाचे पुंजके वाहत येतात. मग दगडावरची कोरडी कड बघता बघता बुडते. ज्या एडीत (खडकामागच्या संथ पाण्यात) निवांत थांबलो होतो तीच कयाक ओढायला लागते. नवख्याला स्कर्ट (कमरेभोवती होडीचं तोंड बंद करणारं कापड) सोडून बाहेर यायलाही सुचत नाही.

८ जून २०१४ आठवा. हिमाचलात बियासच्या पात्रात हैदराबादचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते, वरून लारजी धरणाचं पाणी सुटलं. २४ मुलं गेली.

माझी मागणी एवढीच आहे: पाणी कधी आणि किती सोडणार, हे आदल्या रात्री कुणालाही मोबाइलवर दिसावं.

टर्बाइन
मी जलविद्युतमध्येच नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. वेळापत्रक द्यायला ती एसटी नाही. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतात, म्हणूनच ते राखून ठेवलेले असतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा हेच संच धावून आले. त्या दिवशी 'दुपारी पाणी नाही' असं जाहीर केलेलं असतं आणि तुमचा कयाकवाला पात्रात असता तर? वेळ छापली की माणूस तिच्यावर विसंबतो. बियासच्या अपघातातून मी तरी हाच धडा घेतला: धरणाखाली पात्रात उतरायचंच नाही.

दूरदेशी
अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून दर शरदात ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात, खास रॅफ्ट-कयाकसाठी. १९८६ पासून तसा कायदाच आहे. लांबून लांबून लोक येतात, गावाचा वर्षाचा धंदा त्यावर होतो. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीत 'जमणार नाही' का?

टर्बाइन
@दूरदेशी, ते सरकारी पूरनियंत्रणाचं धरण आहे. हिवाळ्याआधी त्यांना तळं उतरवायचंच असतं. इथे पाण्याच्या थेंबाथेंबाची वीज होते.

पाणवाट
वीज करूनच तर पाणी येतं ना खाली! मुळशी धरणाचं पाणी घाटावरून ५०० मीटरहून जास्त खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं, तिथून रावळज्याला पुन्हा वीज, आणि मग आमच्या वाट्याला. मी एक थेंब जादा मागत नाही, फक्त वेळ मागतोय.

भीमाकाठचा
तुमची वेळ राहू द्या. ते पाणी मुळात कोलाडला जातंच कसं? मुळशी धरण ज्या मुळेवर आहे, ती पूर्वेला भीमेकडे वाहणारी नदी. टाटांच्या सहा धरणांतून भीमेच्या खोऱ्याचं सुमारे ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी कोकणात उतरतं, जिथे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इकडे सोलापुरात आम्ही उजनी धरणाकडे डोळे लावून बसतो. माझ्या वडिलांनी पाण्यावाचून उभा ऊस गुरांना घातला. आणि तुमची चर्चा काय, तर कयाक.

रोहेकर
आला का ऊस! पाऊस पडतो तो चार महिने. मार्चनंतर कोकणातल्या वाड्यांवर टँकर येतात, ते दिसत नाहीत? डोलवहाळच्या बंधाऱ्यावर आमची उन्हाळी भातं उभी आहेत. रोह्याची एमआयडीसी याच पाण्यावर चालते. भिऱ्याचं पाणी बंद केलंत तर कुंडलिकेत मे महिन्यात फक्त धोंडे उरतील.

भीमाकाठचा
एमआयडीसीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं. म्हणजे आमचं पाणी कारखान्यांना.

रोहेकर
त्या कारखान्यांत आमची पोरं कामाला आहेत. तोंड सांभाळून बोला.

मुळशीकर
दोघंही 'आमचं पाणी' म्हणताय. आमचं गाव त्या पाण्याखाली आहे. १९२१ ला सेनापती बापटांबरोबर लोक बांधावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालंच. माझी पणजी मरेपर्यंत आपल्या भातखाचरांची नावं घेत होती. धरणाला शंभर वर्षं होत आली, तरी वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरावं लागतं. सोलापूर आणि रोहा नंतर भांडा.

भीमाकाठचा
तुमच्याबद्दल आदरच आहे. पण शंभर वर्षांपूर्वीचा करार आज का पाळायचा, हाच तर माझा प्रश्न आहे.

टर्बाइन
करार नाही फक्त, कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने हे पश्चिमेकडचं पाणी धरूनच हिशेब केलाय. उद्या ते पूर्वेला वळवलं तर कर्नाटक आणि आंध्र गप्प बसतील?

पाणवाट
कृपया विषयावर या. पाणी कुठे जावं याचा निकाल लागेल तेव्हा लागो. आज ते रोज सुटतंय आणि खाली माणसं आहेत.

रोहेकर
विषयावरच बोलतो. शनिवार-रविवारी आमच्या अरुंद रस्त्यावर तुमच्या गाड्या आडव्या लागतात. मागच्या वर्षी काकांना दवाखान्यात न्यायचं होतं, एका कॅम्पच्या बसमागे अडकून पडलो. म्हणून तुमच्या खेळाबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण वेळ कळायला हवी, हे मान्य. फक्त ती तुमच्या मोबाइलसाठी नको. कपडे धुणाऱ्या बायका आणि मासे धरणारी पोरं मोबाइल बघून पाण्यात उतरत नाहीत. त्यांना भोंगा हवा, वाडीत ऐकू येईल असा, पाणी पोचायच्या पुरेसा आधी.

टर्बाइन
भोंग्याला माझा विरोध कधीच नव्हता. संच अचानक चालू केला तरी भोंगा देता येतो. छापील वेळापत्रकाला मात्र अजूनही नाहीच म्हणेन.

पाणवाट
मग वेळापत्रकाऐवजी अंदाज म्हणा, आणि खाली ठळक लिहा की पाणी कधीही येऊ शकतं. @रोहेकर, भोंगा कुठल्या वाड्यांना ऐकू जायला हवा ते सांगाल? अर्ज मी लिहितो, सह्या तुमच्या गावातूनच हव्यात.

भीमाकाठचा
अर्जात ४२ टीएमसीही घाला, माझी पहिली सही.

रोहेकर
घातलंत तर माझ्या गावातून एकही सही मिळणार नाही.